खाऱ्या हवेतलं विमान

रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये डाव्या बाजूची जागा पकडायची, हे मला शेजारच्या काकांनी शिकवलं. काका मुंबईला नौदलाच्या गोदीत कामाला होते. आठवडाभर तिकडे, शनिवारी रात्री घरी. लाँच बंदरात शिरली की डाव्या हाताला करड्या जहाजांची रांग लागायची. १९८०चं दशक सरत आलं होतं आणि त्या रांगेत एक दिवस ‘विक्रांत’ उभी होती. मी आ वासून बघत राहिलो. विमानवाहू जहाज म्हणजे वर विमानं खचाखच भरलेली असणार अशी माझी समजूत. पण डेक मोकळा, झाडून काढलेल्या खळ्यासारखा.

“काका, विमानं कुठेत?”

“ती कशाला थांबतायत इथे? जहाज बंदरात यायच्या आधीच उडून गोव्याला जातात. त्यांचं घर दाबोळीला.”

त्या रिकाम्या डेकवरची विमानं बघायचं मनात राहिलं, ते पुढे बरीच वर्षं. पहिलं सी हॅरियर मी जवळून पाहिलं ते गोव्यात, बोगमाळ्याजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात, उघड्यावर उभं केलेलं. सोबतचे लोक फोटो काढून पुढे गेले. मी त्याच्या पोटाखाली वाकून तासभर होतो. घरी परतल्यावर ठरवलं, हे आपण बांधायचं, आणि मोठ्या मापात बांधायचं. हातातलं पुस्तक त्या खटाटोपातून झालं आहे. ते प्लॅस्टिकच्या संचातून १:२४ मापाचं सी हॅरियर बांधण्याविषयी आहे. पण प्रस्तावनेत थोडं आजूबाजूचंही सांगायला हवं, कारण हे विमान मी अलिबाग तालुक्यात बांधलं आणि त्या जागेचा परिणाम विमानावर झाला आहे.

आधी विमानाविषयी. भारतीय नौदलाची पहिली सी हॅरियर डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीला उतरली. पुढे एकआसनी लढाऊ प्रकारची, ‘एफआरएस ५१’ म्हणतात ती, एकूण २३ आली. ती ‘व्हाइट टायगर्स’ या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची. आधी ‘विक्रांत’वरून आणि मग १९८७ मध्ये ताफ्यात आलेल्या ‘विराट’वरून ती उडाली. ‘विराट’ म्हणजे ब्रिटिशांची जुनी ‘हर्मीस’, १९८२च्या फॉकलंडच्या लढाईत उतरलेली. अपघातांत बरीच विमानं गेली. उरलेल्यांना ११ मे २०१६ रोजी गोव्यात निरोप दिला गेला आणि स्क्वाड्रनकडे मिग-२९के आली. पुढच्या वर्षी ‘विराट’ही निवृत्त झाली आणि २०२० मध्ये मोडीत काढण्यासाठी मुंबईहून अलंगला ओढून नेली. ‘विक्रांत’ तर त्याआधीच भंगारात गेली होती. म्हणजे मी ज्या डेकवर विमान शोधत होतो तो डेक नाही, त्यानंतरचाही नाही. आता हे विमान पाहायचं तर संग्रहालयात, नाहीतर टेबलावर.

माप १:२४ म्हणजे खऱ्या विमानाचा एक फूट आपल्याकडे अर्ध्या इंचाचा. साडेचौदा मीटर लांबीचं सी हॅरियर या हिशेबाने साठ सेंटिमीटर होतं, शाळेतल्या दोन फूटपट्ट्या एकापुढे एक ठेवाव्यात तेवढं. पंखांचा पसारा एका पट्टीहून किंचित जास्त. हेच विमान लोकप्रिय १:७२ मापात वीस सेंटिमीटरचं होतं, शर्टाच्या खोक्यात मावतं, आणि चुकाही पोटात घालतं. मोठं माप चुका पोटात घालत नाही. दोन भागांच्या सांध्यात एक मिलिमीटरची फट राहिली तर खऱ्या विमानात ती चोवीस मिलिमीटरची झाली, जवळजवळ इंचभर. इंचभर भेगेचं विमान कोणी उडवेल का? एअरफिक्सने १९७४ साली या मापात हॅरियरचा संच काढला आणि पुढे त्यात फेरफार करून सी हॅरियरही आणलं. संच म्हणजे नुसता सांगाडा समजा. त्यात आपल्या नौदलाचं विमान आपल्याला घालावं लागतं. उदाहरणार्थ, ब्रिटिश सी हॅरियर साइडवाइंडर क्षेपणास्त्रं घेऊन उडायचं, आपलं फ्रेंच मात्रा मॅजिक घेऊन. ती दोन क्षेपणास्त्रं प्लॅस्टिकच्या नळीतून आणि पातळ पत्र्यातून करण्यात माझे तीन रविवार गेले.

लोक विचारतात, एवढे बारकावे कशाला? मी त्यांना हवा आत घेणारी तोंडं दाखवतो. हॅरियरच्या दोन्ही बाजूंना कानासारखी मोठी तोंडं आहेत आणि त्यांच्या कडेने छोट्या झडपांची रांग. विमान जागच्या जागी तरंगत असताना इंजिनाला जास्त हवा लागते, तेव्हा या झडपा आतल्या ओढीने उघडतात. त्यांना ना मोटर, ना स्प्रिंग. मग इंजिन बंद करून विमान उभं केलं की काय होतं? वरच्या झडपा स्वतःच्या वजनाने आत लोंबतात आणि खालच्या मिटून राहतात. संचात मात्र झडपा बहुधा सगळ्या उघड्या नाहीतर सगळ्या बंद. उभ्या विमानात वरच्या लोंबत्या आणि खालच्या मिटलेल्या केल्या, की बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण विमान गप्प उभं आहे हे पटतं. असंच काचेच्या छत्रीचं. तिच्यावर एक नागमोडी पांढरट दोरी चिकटवलेली दिसते. ती शोभेची नाही, स्फोटक आहे. वैमानिकाला बाहेर पडायची वेळ आली तर आधी ती फुटून काच उडवते, मग आसन सुटतं. ती रेघ रंगवताना हात जरा सांभाळूनच चालतो.

आणि चार तोंडं. एकाच पेगॅसस इंजिनाचा जोर चार फिरत्या नळ्यांतून बाहेर पडतो. पुढच्या दोन नळ्यांतून पंख्याची थंड हवा येते, मागच्या दोनांतून जळालेला तप्त वायू. म्हणून मागच्या नळ्यांच्या पाठी विमानाच्या अंगावर उष्णता सोसणारा पत्रा आहे आणि तोच निळसर-तपकिरी पडतो. पुढच्या नळ्या काळ्या करून ठेवलेली मॉडेलं मी कितीतरी पाहिली आहेत. माझंच पहिलं तसं होतं. तरी ती चूक किरकोळ म्हणायची. मोठी चूक वेगळीच होती आणि तिच्यामुळेच हे पुस्तक लिहायचं सुचलं.

पहिलं मॉडेल पूर्ण केलं तेव्हा परदेशी पुस्तकांत वाचलेलं सगळं मी त्यावर ओतलं होतं. समुद्रावरचं विमान, खारा वारा, मग गंज हवाच! प्रत्येक झाकणाखाली लालसर ओघळ काढले, रिव्हेटांभोवती तपकिरी वर्तुळं. मला ते फार खरं वाटत होतं. काका एव्हाना निवृत्त होऊन गावी आले होते. त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक मॉडेलला लागेल इतकं वाकून पाहिलं आणि विचारलं, “हे होडीचं आहे का?”

“विमान आहे, काका.”

“ते दिसतंय रे. पत्रा होडीचा दिसतो.” मग म्हणाले, “मी जहाजातला माणूस, विमानातलं मला काही कळत नाही. पण पत्रा कळतो. ये इकडे.” आणि मला त्यांच्या घरी घेऊन गेले, माडाच्या वाडीकडच्या खिडकीपाशी. सरकती खिडकी, दहा-बारा वर्षांपूर्वी बसवलेली. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पांढरी भुकटी धरली होती, बोटाने खरवडली तर पिठासारखी सुटणारी, आणि तिच्याखाली बारीक खड्डे. “हा अ‍ॅल्युमिनियम. लाल झालाय कुठे?” मग त्याच खिडकीच्या लोखंडी गजाकडे बोट केलं. तिथून गंजाची ओघळ भिंतीवर वीतभर उतरली होती. “हे लोखंड. आता सांग, तुझं विमान कशाचं?”

मला त्या कोपऱ्यात उत्तर मिळालं, आणि राग याचा आला की ती खिडकी मी कितीदा पाहिली होती. खाऱ्या हवेत रंग कसा मरतो, पत्रा कसा खाल्ला जातो, दक्षिणेकडची भिंत आधी का फिकी पडते, होडीची एक बाजू उन्हाकडे राहिली की तिचा निळा कसा दुधाळ होतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला माहीत असतं. तरी मॉडेलला हात लावताना आपण ते विसरतो आणि कोरड्या देशातल्या कुणाची तरी पुस्तकी गंजछटा उचलतो. या पुस्तकात रंग जुना दाखवण्याची तीन प्रकरणं आहेत. ती तिन्ही त्या खिडकीची ऋणी आहेत.

ज्यांनी हे विमान घडवलं त्यांनाही मिठाची धास्ती होतीच. जमिनीवरच्या हॅरियरच्या इंजिनात मॅग्नेशियमचे भाग होते. खाऱ्या पाण्याशी मॅग्नेशियमचं अजिबात जमत नाही. सी हॅरियर करताना ते काढून अ‍ॅल्युमिनियमचे घातले. जहाजावर विमानं गोड्या पाण्याने धुवायची, झाकणांच्या कडा तपासायच्या आणि रंग उडाला तिथे लगेच हात फिरवायचा, हा तर नेमच. म्हणून नौदलाचं विमान मळकं कमी आणि ठिगळांचं जास्त दिसतं. उन्हाने उतरलेल्या करड्यावर ताज्या करड्याचे चौकोनी डाग. आपल्या सी हॅरियरचा सुरुवातीचा रंग वरून गडद करडा आणि पोटाशी पांढरा होता. पुढे पांढरा गेला आणि सगळं करडं झालं. कुठल्या वर्षाचं विमान करणार ते आधी ठरवा, मगच डबी उघडा. आणखी एक: संग्रहालयातल्या विमानाचा आकार मोजा, झडपा मोजा, रंगावर मात्र विसंबू नका. उघड्यावरच्या विमानाला कुणी ना कुणी, कधी ना कधी, हाताला आला तो रंग फासलेला असतो.

मिठाची एक युक्ती मात्र मी परदेशी पुस्तकातूनच उचलली. चंदेरी रंगावर पाण्याचा हलका हात फिरवायचा, त्यावर मीठ भुरभुरायचं, वाळू द्यायचं, वरून करडा मारायचा आणि मग मीठ चोळून काढायचं. मिठाखालचा चंदेरी उघडा पडतो आणि रंग उडाल्यासारखं दिसतं. पुस्तकात जेवणातलं मीठ म्हटलं होतं. ते वापरलं तर सगळे ठिपके एका मापाचे आले, छापल्यासारखे. मग मिठागरावरचं खडेमीठ आणलं, खलबत्त्यात दोनदाच ठोका दिला आणि तसंच वापरलं. त्यात धूळ, कणी, बारीक खडा सगळं मिसळलेलं असतं, त्यामुळे डाग वेडेवाकडे पडतात, जसे पडायला हवेत तसे. उरण-पेणकडच्या मिठागरांची खूप जागा आता कारखान्यांनी आणि वसाहतींनी घेतली आहे, तेव्हा पावशेर मीठ आणून ठेवा. पण ही युक्ती शिडी लागते तिथे, पाय पडतो तिथे आणि रोज उघडणाऱ्या झाकणांच्या कडेला एवढीच. बाकी विमानाला मीठ लावू नका. काकांची आठवण ठेवा.

आमच्या रायगड जिल्ह्याचं या छंदाशी आणखी एक नातं आहे, ते मला उशिरा कळलं. हे संच पॉलिस्टायरिनचे असतात. काड्यांच्या चौकटीतले करडे भाग थोडे लवचीक, आणि काचेची छत्री, दिवे, वैमानिकासमोरची काच हे भाग स्वच्छ पारदर्शक पण ठिसूळ. या पॉलिस्टायरिनचा देशातला सर्वांत मोठा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, नागोठण्याजवळ आमडोशीला आहे, सुप्रीम पेट्रोकेमचा. फ्रीजच्या आतलं अस्तर, पेनं, दुकानातले पारदर्शक डबे या मालातून होतात. विमानांचे बहुतेक संच मात्र परदेशातून येतात. का ते उघड आहे: माल स्वस्त, साचा महाग. एका मोठ्या संचाचे पोलादी साचे कोरायला जो खर्च येतो तो विक्रीतून सुटेल इतके आपण विकत घेत नाही. माझ्याकडचा एक संच प्रवासात दबून आला, छत्रीला आरपार तडा. पाठवणाऱ्याने हात वर केले, आणणाऱ्यानेही. शेवटी लाकडाचा ठोकळा घासून साचा केला, मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण मेणबत्तीवर मऊ केलं आणि त्यावर दाबलं. पाचव्या खेपेला जमलं. ती कृती सहाव्या प्रकरणात आहे, चारही फसलेल्या खेपांसह.

गोंदाविषयी इथेच सांगून टाकतो, कारण नवशिक्याचं निम्मं नुकसान गोंदाने होतं. या कामाचा गोंद चिकटवत नाही, विरघळवतो. दोन कडा थोड्या वितळतात, एकमेकींत मिसळतात आणि वाळल्या की एक होतात. म्हणून कमी लावा आणि धीर धरा. झटपट चिकटणारा गोंद छत्रीजवळ नेऊ नका. त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते. नाक जड करायला मी कोळीवाड्यातून जाळ्याला लावतात तो शिशाचा माल आणतो. हॅरियरची चाकं सायकलसारखी एकामागे एक, आणि पंखांच्या टोकांना आधाराची बारीक चाकं. वजन चुकलं तर विमान शेपटीवर बसतं. शिसं मात्र सुताराच्या पांढऱ्या गोंदाने बसवू नका. काही वर्षांनी ते फुगतं आणि नाक आतून फोडतं. दोन घटकांच्या इपॉक्सीने बसवा.

रंगाच्या फवाऱ्याचं शिक्षण मला पेणला मिळालं. गणपतीच्या कारखान्यात कॉम्प्रेसर आणि गन असते, आणि मूर्तीच्या अंगावर गुलाबी छटा चढवणाऱ्या पोरांचा हात असा चालतो की पाहत राहावं. मी चारदोन दिवस नुसता बसून होतो. फवारा मूर्तीबाहेर सुरू करायचा आणि मूर्तीबाहेरच संपवायचा, मध्ये थांबायचं नाही, एवढं तिथे शिकलो. आणि डोळ्यांची आखणी. ती करणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, मनगट हवेत, कुंचला जवळजवळ उभा. रेघ ओढताना श्वास थांबलेला. पाच सेकंदांत बुबुळ. मग कुंचला धुता धुता म्हणाले, “हात नाही कापत, श्वास कापतो.” आज छत्रीच्या चौकटीची काळी रेघ ओढताना माझी करंगळी आपोआप टेकते.

पावसाळ्यात मात्र फवारा बंद. जून ते सप्टेंबर हवेतलं पाणी कॉम्प्रेसरच्या टाकीत जमतं, नळीतून थेंब होऊन येतं आणि पंखाच्या मध्यावर फुटतं. लॅकर रंग ओल्या हवेत पांढुरका पडतो, त्याला पॉलिश करून काही उपयोग होत नाही. पाणी धरणारा सापळा नळीला लावला तरी आपल्या किनाऱ्यावर तो जुलैत पुरत नाही. तेव्हा चार महिने कापणं, घासणं, जोडणं आणि वैमानिकाची बैठक करावी. दिवाळीच्या कोरड्या हवेत रंग. पुस्तकातल्या प्रकरणांचा क्रम म्हणूनच असा आहे. मृगात संच उघडायचा आणि थंडीत रंगवायचा.

पुस्तकात न सापडणारी गोष्टही सांगतो. काम किती दिवसांत होईल, हे मी कुठेही लिहिलेलं नाही. माझं दुसरं सी हॅरियर दोन वर्षं चाललं, त्यात आठ महिने ते नुसतं टेबलावर पडून होतं, कारण मागच्या नळ्यांचा रंग मनासारखा उतरत नव्हता. काकांनी ते पाहिलं, पण पूर्ण झालेलं नाही. रंग लागायच्या आधी ते गेले. छत्रीच्या चौकटीच्या कोपऱ्यात मी एक बारीक पांढरा डाग ठेवला आहे, भुकटी धरल्यासारखा. खऱ्या विमानात तो नसणार. नौदलाने लगेच पुसला असता. तो चुकीचा आहे हे मला माहीत आहे आणि मी तो काढणार नाही.

आता संच उघडा. पण कात्री लावण्याआधी चौकटीसकट सगळे भाग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुवा, कारण साच्यातून सुटावेत म्हणून त्यांना तेलकट हात लागलेला असतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग सावलीत, वाऱ्याला वाळत ठेवा, समुद्राकडची खिडकी मात्र बंद करून. ते वाळेपर्यंत पहिलं प्रकरण वाचून होईल.